माळवद उकरणारी चौघे : कठीण काळातला ख्रिस्ती विश्वास आणि करुणा

धागालेखक : माळीवाडा

नमस्कार, आणि आमच्या नगरकडील ख्रिस्ती रीतीप्रमाणे सर्वांना सलाम.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता दोन वर्षे होतील. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि पुढचे चौदा महिने त्यांनी आमच्या पुढच्या खोलीतील खाटेवर काढले. आयुष्यभर शाळेत मुलांना कविता शिकवलेल्या या माणसाच्या तोंडून शेवटी एकच शब्द येत असे: "बरं." पाणी हवे असो, कूस बदलायची असो, दुखत असो, शब्द तोच. गेल्या वर्षी ते प्रभूकडे गेले. त्या चौदा महिन्यांत माझ्या विश्वासाचे काय झाले हे नीट मांडावे, आणि ज्यांच्या घरात आज असाच काळ चालू आहे त्यांच्याकडूनही ऐकावे, या इच्छेने हा धागा काढत आहे.

मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे. शब्बाथशाळेत पाठ केलेली वचने मला अजून झोपेतून उठवले तरी म्हणता येतील. तरीही साधारण तिसऱ्या महिन्यापासून माझी प्रार्थना बंद पडली. देवावर राग आला होता असे म्हणता येणार नाही. राग असता तर त्याच्याशी निदान भांडलो तरी असतो. रात्री दोन वाजता वडिलांची कूस बदलून, पाठीवरची जखम पुसून मी खुर्चीत बसत असे आणि डोळे मिटले की आत काहीच नसे. उपासनेला जात होतो, गीतांना सर्वांबरोबर उभा राहत होतो, पण ओठ हलत नव्हते. आपण ढोंग करत आहोत असे वाटू लागले आणि मी देवळात जाणेच सोडले.

आमच्या मंडळीत मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका आहेत. वय पंच्याहत्तरच्या पुढे. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. एका गुरुवारी त्या एकट्याच आमच्याकडे आल्या. वचन वाचू का, असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी एक जुनी चादर मागितली, तिची चौपदरी घडी केली, ती वडिलांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली कशी सरकवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून माणसाला न घासता वर कसे घ्यायचे, हे मला आणि पत्नीला दाखवले. आम्ही इतके दिवस त्यांना काखेत हात घालून ओढत होतो, आणि त्या ओढण्यानेच पाठीची जखम वाढत होती. मग त्यांनी पिशवीतून नेलकटर काढले, कोमट पाणी घेतले आणि वडिलांच्या आखडलेल्या उजव्या मुठीचे एकेक बोट हळूहळू उघडले. नखे तळव्यात रुतून तिथे चार लहान जखमा झाल्या होत्या. रोज त्यांना आंघोळ घालणाऱ्या आम्हा दोघांच्या ते लक्षातही आले नव्हते. सिस्टरबाईंनी नखे कापली, तळवा धुऊन कोरडा केला, त्यात मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवली आणि मूठ पुन्हा मिटू दिली. वडील म्हणाले, "बरं." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो शब्द नेमका जागी बसला.

निघताना दाराशी त्या मला म्हणाल्या, "तुला प्रार्थना होत नाही हे मला दिसतंय. नको करूस. आम्ही करतोय. तू झोप."

त्या रात्री मला मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवला. कफर्णहूम गावात एका पक्षाघाती माणसाला चौघे जण उचलून आणतात, दाराशी गर्दी असल्यामुळे छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट येशूसमोर खाली सोडतात. ही गोष्ट मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली आहे. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे मार्क म्हणतो. ते "त्यांचा" अनेकवचनी आहे, हे मात्र माझ्या मनात तोवर कधी उतरले नव्हते. खाटेवरचा माणूस काही बोलल्याचे त्या गोष्टीत कोठेच नाही. त्याचा स्वतःचा विश्वास त्या दिवशी केवढा होता, की माझ्यासारखा आटून गेला होता, याची चौकशीही कोणी केलेली नाही.

ज्यांचे बालपण आमच्याकडच्या माळवदाच्या घरात गेले आहे त्यांना ही गोष्ट अधिक कळेल. त्या मुलखातील घरेही साधारण तशीच असत: भिंतींवर तुळया, त्यांवर काटक्या-फांद्या, आणि वर चोपून बसवलेली माती. (लूक हीच गोष्ट सांगताना कौलांचा उल्लेख करतो, मार्कात छप्पर उकरल्याचे आहे, आणि माळवदात वाढल्यामुळे मला मार्क जवळचा वाटतो.) माळवद उकरायचे म्हणजे खाली बसलेल्या सर्वांच्या डोक्यावर माती पडणार, घरधनी ओरडणार, आणि पाऊस येण्याआधी कोणाला तरी ते पुन्हा चोपून द्यावे लागणार. त्या चौघांनी ते पत्करले. आमच्या घरासाठी सिस्टरबाईंनी पत्करले, आणि रात्री अकरा ते दोन वडिलांजवळ बसून मला झोपू देणाऱ्या शेजारच्या काकांनीही पत्करले. हे काका माळकरी आहेत, दरवर्षी आषाढीला पायी जातात, आणि वडिलांच्या उशाशी बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणत. वडिलांना ते आवडत असे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत असे.

माझे म्हणणे एवढेच आहे की विश्वास ही प्रत्येकाने आपापल्या गाठीला बांधून ठेवायची वस्तू आहे, असे मी मानत होतो, आणि ते मानणे अपुरे होते. तो काही काळ दुसऱ्यांच्या खांद्यावरही राहतो. आपल्या कठीण काळात तुम्हाला कोणी उचलून नेले, ते कृपया लिहावे.

प्रतिसाद : दौंड_शटल

धागा दोनदा वाचला. मी दौंडजवळच्या केडगावच्या बाजूचा असल्यामुळे मला पंडिता रमाबाईंची आठवण येणे साहजिक आहे; पण त्यांच्या चरित्रातील एक दुवा या विषयाशी फार जवळून जोडलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रमाबाईंच्या कार्याबद्दल आपण १८९६-९७ च्या दुष्काळापासून बोलू लागतो: त्या मध्य प्रांतात गेल्या, तिथून उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या, पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावला ठेवले, आणि त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. पण हा त्यांच्या आयुष्यातील पहिला दुष्काळ नव्हता. १८७४ च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असताना, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण अशी घरची तीन माणसे उपासमारीच्या त्या काळात थोड्या थोड्या अंतराने गेली. पुढे त्या आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले. कधी रानातील फळे आणि पाला खाऊन दिवस काढले. बावीस वर्षांनी दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्या मुलींची भूक रमाबाईंनी वाचून जाणली नाही, ती त्यांच्या शरीराने ओळखली. मला वाटते, सिस्टरबाईंना मिटलेली मूठ उघडून पाहावीशी वाटली तीही अशाच ओळखीतून.

दुसरी गोष्ट त्यांच्या विश्वासाची. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधील एक घर दाखवले, जिथे समाजाने "पतित" ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना आश्रय आणि काम दिले जात होते. अशा स्त्रियांशी कोणी मायेने वागते, हे रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. तुम्ही हे का करता, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोकांनी हलके मानलेल्या जिच्याशी येशू आदराने बोलला तिची, गोष्ट वाचून दाखवण्यात आली. संस्कृतात पारंगत असलेल्या, वादात पंडितांना निरुत्तर करणाऱ्या या विदुषीला आधी एक घर दिसले, आणि ग्रंथ त्यानंतर आला. पुढे केडगावला त्यांनी कृपासदन उभारले ते अशाच स्त्रियांसाठी.

१९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी त्या दुःखातही सोडले नाही. त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी केली होती, आणि त्यांतील कित्येक जणी दुष्काळातून आलेल्या होत्या.

प्रतिसाद : मुळामुठा

मी ख्रिस्ती नाही. धागालेखकांचे अनुभव वाचून मन भरून आले, आणि रमाबाईंविषयी मला मनापासून आदर आहे. तरीही एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि तो दुखावण्यासाठी विचारत नाही. १८९३ साली शारदा सदन या रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या वसतिशाळेतील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात मोठे वादळ झाले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. भुकेल्या किंवा आजारी माणसाला मदत करताना त्याने आपल्या धर्मात यावे अशी इच्छा मनात असेल, तर त्या मदतीला करुणा म्हणता येईल का? समोरचा माणूस अशा वेळी "नाही" म्हणू शकण्याच्या स्थितीत असतो का?

प्रतिसाद : खर्डा_रोड

मुळामुठा यांचा प्रश्न रास्त आहे आणि आम्हा ख्रिस्ती लोकांनी तो टाळू नये. धान्याच्या आशेने नाव नोंदवलेल्या कुटुंबांच्या गोष्टी आमच्याच घरांतून सांगितल्या जातात, आणि त्या सांगताना मागची पिढी मान खाली घालत असे. अडलेल्या माणसाची अडचण हेच ज्याचे भांडवल, त्या मदतीचे समर्थन मी करणार नाही. रमाबाईंच्या बाबतीत मात्र एवढे म्हणेन की त्या दुष्काळात त्या मुलींना घरी नेणारे हात फार थोडे होते, आणि ज्या हातांत त्या एरवी पडल्या असत्या त्यांची कल्पना करवत नाही.

पण माझ्या तालुक्यातले उदाहरण निराळे आहे, आणि ते मी जवळून ओळखतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, दोघेही श्रद्धावान. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या दवाखान्याच्या पडक्या जागेत. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा गावाने स्वतःच एक बाई निवडावी आणि तिला आपण शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या अनेक जणींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत, आणि परत जाऊन गावातील गरोदर बायका, लहान मुले, कुष्ठरोगी, क्षयरोगी यांना पाहत. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्याच हाती हळूहळू सवर्ण घरांतील बाळंतपणे आली. आरोळ्यांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत तो पुरस्कार नाही. त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो.

त्या दुष्काळात मुलांसाठी अन्न शिजवायची सोय झाली तेव्हा सर्व जातींची मुले एकत्र जेवतील, हे पाहिले गेले. विंधनविहिरी घेताना त्या दलित वस्तीच्या बाजूला घेतल्या जाव्यात, यासाठीही डॉक्टरांनी मुद्दाम प्रयत्न केले. पाण्यासाठी सगळ्या गावाने तिकडे जावे, हा त्यामागचा विचार होता. कोणाला बाप्तिस्म्याबद्दल विचारून पाणी दिले गेले नाही. हिंदू बाई हिंदू राहिली, बौद्ध बाई बौद्ध राहिली, आणि तिच्या हातात मात्र नाडी पाहण्याची विद्या आली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन: मदत घेतल्यावर माणसाची "नाही" म्हणण्याची ताकद वाढली की कमी झाली, हे पाहावे. जामखेडच्या त्या बायका पुढे सरपंचांना, सावकारांना आणि प्रसंगी डॉक्टरांनाही "नाही" म्हणू लागल्या.

प्रतिसाद : मुळामुठा

उत्तर प्रामाणिक वाटले. "नाही" म्हणण्याच्या ताकदीची कसोटी मी इतर ठिकाणीही लावून पाहीन. आमच्या स्वतःच्या सेवासंस्थांनाही ती लावायला हवी. आभार.

प्रतिसाद : पापडी_वसई

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमचे शब्द थोडे वेगळे असतील. २०२० चा पवित्र गुरुवार ९ एप्रिलला होता आणि टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती. त्या दिवशी मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे धुतले त्याची आठवण म्हणून. आम्ही मिस्सा मोबाईलवर पाहत होतो. पाय धुण्याचा प्रसंग आला, आणि माझा बारा वर्षांचा मुलगा काही न सांगता उठला, मोरीतून परात घेऊन आला आणि माझ्या आजेसासूबाईंसमोर बसला.

आजी लाल लुगडे नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या. साठ वर्षे वाडीत राबलेल्या. पहाटे मोगरा खुडायचा, मग पानवेलीला पाणी, मग केळी. त्यांच्या टाचांच्या भेगांत वाडीची माती इतकी मुरलेली होती की ती साबणाने निघत नसे. पोरगा भेगा चुकवून बोटांमधून पाणी सोडत होता आणि आजी "पुरे, पुरे" म्हणत पाय मागे घेत होत्या, अगदी त्या भोजनाच्या वेळी पेत्र या शिष्याने घेतला तसा. शेवटी त्यांनी पाय सैल सोडला. घेण्यालाही नम्रता लागते, हे मला तिथे दिसले, आणि आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे असे वाटते: समोरचा माणूस आपल्याला त्याचे शरीर सोपवत असतो, आणि ते त्याला फार जड जाते.

पुढच्या वर्षी आजी अंथरुणाला खिळल्या. पाय धुण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले आणि अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाला दिले नाही.

प्रतिसाद : पिंपरी_पहाट

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज लिहिते आहे. माझ्या सासूबाई पाच महिन्यांपासून अंथरुणावर आहेत. यजमानांची रात्रपाळी असते, त्यामुळे रात्री मी एकटीच. मंडळीतील लोक फोनवर "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ते ऐकले की मला फोन ठेवून द्यावासा वाटतो. धागालेखकांना प्रार्थना होत नव्हती हे वाचून पहिल्यांदा वाटले की आपण एकट्या नाही. एरवी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडते तर प्रत्येक स्तोत्र शेवटी स्तुतीवर येते, आणि मी तिथपर्यंत पोहोचत नाही.

प्रतिसाद : दौंड_शटल

ताई, स्तोत्र ८८ वाचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते आक्रोशच आहे. देव मुख का लपवतो, आप्तमित्र दूर का केले, असे विचारत ते अंधारात येऊन थांबते. स्तुतीचे वळण त्यात येतच नाही. ज्यांनी हा संग्रह केला त्यांनी ते गाळले नाही आणि त्याला आशेची ओळही जोडली नाही. मंदिरात ते गाण्यासाठी दिलेले आहे, म्हणजे स्तुती न सुचणाऱ्या माणसालाही उपासनेत जागा ठेवलेली आहे. आणि "योजना असेल" हे वाक्य आपण आपसांत तरी बंद करावे, असे मलाही वाटते. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून काढले. तेवढेच त्यांचे बरोबर होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर.

प्रतिसाद : पिंपरी_पहाट

आज दुपारी वाचले. धन्यवाद. माळीवाडा, एक विचारायचे आहे. ती चादरीची रीत दोघांची आहे. रात्री मी एकटी असते आणि सासूबाईंचे वजन माझ्यापेक्षा जास्त आहे. एकटीने कूस कशी बदलायची, हे सिस्टरबाईंनी सांगितले होते का?

प्रतिसाद : माळीवाडा

ताई, होय, पत्नी माहेरी गेली असताना मला एकट्यालाच करावे लागे, तेव्हा त्यांनी दाखवले होते. ज्या बाजूला वळवायचे त्या बाजूला आपण उभे राहायचे. आधी सासूबाईंना सांगा की आता वळवते आहे. त्यांना बोलता येत नसले तरी सांगा. आपल्या जवळचा हात अंगाखाली सापडणार नाही असा थोडा बाजूला घ्यावा, पलीकडचा हात छातीवर आडवा ठेवावा, पलीकडचा गुडघा वर उभा करावा. मग आपला एक हात त्यांच्या पलीकडच्या खांद्यावर आणि दुसरा पलीकडच्या कमरेवर ठेवून, स्वतःचे गुडघे वाकवून, त्यांना आपल्याकडे घ्यावे. उभ्या केलेल्या गुडघ्यामुळे अंग बरेचसे आपोआप येते, जोर फार लागत नाही. पाठीमागे उशी लावावी, पूर्ण कुशीवर न करता थोडे तिरके ठेवावे, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक लहान उशी, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत असे पोटऱ्यांखाली काहीतरी मऊ. वर सरकवायचे काम मात्र एकटीने करू नका, त्यासाठी पहाटे यजमान येईपर्यंत थांबा किंवा शेजारी कोणाला उठवा. उठवायला संकोच करू नका. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबल्यावरही ती फिकी पडली नाही, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

मुठी आखडल्या असतील तर आज रात्री एकदा उघडून पाहा.

सिस्टरबाईंना मी तुमच्याबद्दल सांगितले, नावगाव काही न सांगता. त्या म्हणाल्या, हवेची गादी वापरता का ते विचार, आणि वापरत असाल तर त्यावर जाड गोधडी घालू नका, एकच पातळ चादर घाला. गुरुवारी त्या आमच्या घरी येणार आहेत. आणखी काही विचारायचे असेल तर त्याआधी इथे लिहून ठेवा.